पालथं टोपलं

चार पोरं एकाच घरी सारखी चहा प्यायला येऊ लागली, की समजावं, त्यांना चहा नको आहे.

माझी नात आकांक्षा नांदेडहून बी.ए. होऊन आली आणि नोकरी बघायची सोडून वसमतच्या भिंती रंगवत सुटली. बरोबर अजून तिघं. चित्रं काढणारी करुणा, सेनगावकडची, इथं खोली करून राहते. फोटो काढणारा बुद्धभूषण, आमच्याच गल्लीतला. आणि मंजुषा, जिच्याकडं स्कूटी आहे म्हणून ती सगळ्यांना लागते. चौघांनी मिळून मंडळ काढलं आणि त्याला नाव दिलं ‘कांडी-गट्टू’. हळदीची लांब बोटं म्हणजे कांडी, मधला गोल कंद म्हणजे गट्टू. ज्या पोरांनी जन्मात टोपलंभर हळद निवडली नाही, त्यांनी हे नाव ठेवावं!

मी म्हटलं, “उद्या मिरची न खाता ठेच्याचं मंडळ काढाल.”

आकांक्षा म्हणाली, “आजी, तुझ्यासाठीच करून राहिलो सगळं.”

तिथंच मला पहिला वास आला. माझ्यासाठी म्हणून आजवर ज्यांनी काही केलं, त्यांनी ते स्वतःसाठी केलेलं निघालं आहे.

त्यांचं म्हणणं असं. गावात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक रोज लागतात. पण ज्या बायांच्या हातून वसमतची हळद गावोगाव गेली, त्यांचं एक चित्र कुठं नाही. म्हणून बसस्टँडच्या रस्त्यावरच्या जुन्या गोदामाची लांबलचक भिंत त्यांनी मागून घेतली. तिच्यावर काढायचं होतं आमचं ‘बसणं’.

ते बसणं काय, ते सांगते. सत्तावीस वर्षांमागं आम्ही चाळीस बाया एका अडत्याच्या आवारात हळद निवडायचो. चैत्राचं ऊन. पत्र्याखाली पोती आणि उघड्यावर बाया. हळदीला सावली, बाईला ऊन, असा तिथला कायदा. एका दिवशी भर दुपारी एक बाई चक्कर येऊन पडली. तेव्हा एकीनं आपलं टोपलं ढिगावर पालथं घातलं. टोपलं पालथं घालणं म्हणजे काम बंद. रोज दिवस मावळताना आम्ही तेच करायचो, पण त्या दिवशी ते बाराच्या उन्हात झालं. ते बघून सगळ्या बाया खाली बसल्या. तीन दिवस हळद तशीच पडून राहिली. चौथ्या दिवशी पत्रा आमच्या डोक्यावर आला आणि पिण्याच्या पाण्याचा माठही आला.

पेपरात फोटो छापून आला होता. पुढं पालथं टोपलं, त्याच्या काठाला चिंधी. टोपली सगळ्यांची एकसारखी, म्हणून प्रत्येकीनं आपल्या फाटक्या लुगड्याची चिंधी बांधायची, ही आमची रीत. धुराळ्यापायी सगळ्यांची तोंडं पदरानं बांधलेली असायची. त्यामुळं बाईचं तोंड कोणी बघत नव्हतं, चिंधी बघायचे. आणि हिरवी चिंधी पद्माबाईची, हे अख्ख्या आवाराला माहीत होतं.

पद्माबाई म्हणजे मी.

ते कात्रण काचेत घालून माझ्या घरात लावलेलं आहे. शेजारी खुंटीला ते टोपलं. जयंतीला विहारात मला शाल मिळाली, नारळ मिळाला. माझा धाकटा रविंद्र सातवीत होता, तो शाळेत छाती काढून फिरला.

आता खरं सांगते. टोपलं माझं होतं. पालथं घालणारी मी नव्हते.

त्या दिवशी सकाळी मुकादमानं मला बाजूला घेतलं होतं. “पद्माबाई, बाया कुरकुर करून राहिल्या. तू त्यांच्यात पडू नको. तुला बायांची मुकादमीण करतो.” आणि नवंकोरं टोपलं हातात दिलं. मला ते गोड लागलं. चाळिसांत माझ्याइतका चलाख हात कोणाचा नव्हता. मुकादमीण व्हायला मीच लायक होते, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं. आमच्या गल्लीतल्या चंदाबाईच्या टोपल्याचं बूड सुटलं होतं, म्हणून माझं जुनं, हिरव्या चिंधीचं, मी तिला वापरायला दिलं. दुपारी भागूबाई पडली. सगळ्या तिच्याकडं धावल्या. चंदी पण धावली, पण जाता जाता हातातलं टोपलं ढिगावर पालथं आपटून गेली. ते कोणी केलं, हे मी एकटीनं पाहिलं. कारण मी एकटीच धावले नव्हते.

सगळ्या बसल्या आणि मी मागच्या ढिगावर निवडत राहिले. तासाभरानं गुपचूप जाऊन बायांच्या घोळक्यात बसले. मग पेपरवाल्यानं विचारलं, टोपलं कोणाचं? बाया म्हणाल्या, पद्माबाईचं. चंदीनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

मुकादमीण झाले नाहीच. बायांची पुढारीण मात्र झाले. पुढची अकरा वर्षं प्रत्येक भांडणात त्यांनी मला पुढं केलं, आणि ती भांडणं मी खरी भांडले, त्यात भेसळ नाही. पण पहिल्या दिवसाचं हे असं आहे. चंदी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. कोणाजवळ माझ्याविषयीही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी परत देऊन मोकळी झाले असते.

तर आता कळलं असेल, पोरं चहाला आली की मी काहून सावध व्हायचे.

पहिल्यांदा त्यांनी मला खुर्चीवर बसवून मोबाइलसमोर सगळं बोलायला लावलं. ते मला पाठच आहे. ऊन, पत्रा, ‘एक बाई’ पडली, मग माझं टोपलं. भागूबाईचं नाव मी त्यात कधी घेत नाही. नाव घेतलं की माणूस पुढचं विचारतो. आकांक्षा माना डोलवत होती, मंजुषाचे डोळे भरून आले. हा बुद्धभूषण मात्र माझ्या तोंडाकडं बघतच नव्हता. माझ्या हातांकडं बघायचा. मी चहा ओतला, त्यानं हात पाहिले. मी सुपारी कातरली, त्यानं हात पाहिले.

“काय बघून राहिला रे?” मी विचारलं.

“काही नाही आजी. हात छान आहेत.”

सत्तरीच्या बाईचे हात छान म्हणणाऱ्या पोरावर मी भरवसा ठेवू?

आता माझ्या हातांचं सांगायचं तर मी डावखोरी. सासूनं डाव्या हातानं वाढते म्हणून उलथन्यानं मारलं, पण हात काही उजवा झाला नाही. हळदीच्या ढिगावर मात्र कोणी बोललं नाही. डाव्या हातानं कांडी वेगळी, गट्टू वेगळा, बघणाऱ्याला बोटं दिसायची नाहीत.

मंडळातल्या पोरांची चौकशी मी आल्या दिवशीच केली होती. करुणाला विचारलं, “कोणाची गं तू?” तिनं बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. ओळख लागेना, म्हणून मी सोडून दिलं. आईचं माहेर विचारलं नाही. बाई असून विचारलं नाही.

आठ-दहा दिवसांनी चौघं परत आली. बुद्धभूषणच्या हातात गुंडाळी होती. पेपरला फोटो देणारा स्टुडिओवाला कधीच वारला. पण त्याच्या पोराकडं जुन्या फिल्मचा डबा होता, त्यात हा फोटो सापडला म्हणे. पेपरवाल्यानं चारी बाजूंनी कापून छापला होता. हा अख्खा. त्यांनी तो माझ्या पलंगावर पसरला. उशाखाली सापाचं पिल्लू सापडावं तसं झालं मला.

पुढं तेच टोपलं. मागं बसलेल्या बाया. आणि त्यांच्याही मागं, कोपऱ्यात, एक बाई उभ्यानं वाकून निवडत होती. तोंड पदरात. समोर नवं टोपलं, चिंधी नाही. हात वर उचललेला, हातात कांडी.

आकांक्षा म्हणाली, “आजी, सगळ्या बसल्यात आन ही एकटीच काम करून राहिली. कोण आहे ही?”

“मला काय ठाऊक? तोंड झाकलंय.”

“तू तर म्हणायचीस, पदरातून नुसते डोळे दिसले तरी मी चाळीसच्या चाळीस ओळखत होते.”

आपलीच नात, आपलंच शहाणपण, आणि आपल्याच गळ्याला.

मंजुषा म्हणाली, “राहू द्या ना. नाहीतर आपण चंदाआजीला विचारू.”

चंदीचं नाव निघालं आणि माझी जीभ माझ्याआधी धावली. “भागूबाई,” मी म्हणाले. “भागूबाई हाये ती.”

भागूबाई जाऊन नऊ वर्षं झाली होती. नवरा आधीच गेलेला, मुलगा नव्हता, एकुलती लेक कुठं तरी लांब दिलेली. भांडायला येणारं कोणी नव्हतं. आणि भागू त्या फोटोत दुसरीकडं कुठंच दिसत नव्हती, कारण तेव्हा ती आवाराबाहेर लिंबाखाली आडवी पडलेली होती. सत्तर वर्षांच्या डोक्यानं एका क्षणात एवढा हिशोब केला. खोटं बोलायला अक्कल कधी कमी पडत नाही.

करुणानं हातातला कप खाली ठेवला. अर्धा भरलेला. मला वाटलं, साखर जास्त झाली.

भिंतीचं काम सुरू झालं तशी मी रोज दुपारी किटली घेऊन जायला लागले. लोक म्हणायचे, पद्माबाईला नातीचं किती कौतुक. कौतुक कसलं, पहारा होता तो. भिंतीवर खडूच्या चौकटी, चौकटीत आकडे, त्यावरून बाया मोठ्या होत चाललेल्या. करुणा शिडीवर चढून बाकीच्यांना हाका मारायची. एवढीशी पोरगी, पण हुकूम मुकादमासारखा. येणारे जाणारे थांबून विचारायचे, कोणत्या पक्षाचं आहे? पोरं म्हणायची, हळदीचं.

तिसऱ्या दिवशी बघितलं, तर करुणा बाकी सगळं सोडून कोपऱ्यातल्या त्या वाकलेल्या बाईपाशी बसली होती. लुगड्याची एकेक चुणी कोरत.

“एवढी मेहनत तिच्यावर काहून?” मी म्हणाले. “ती तर बसली बी नव्हती.”

ती वळली. “ती माझी आजी आहे. आईची आई.”

किटलीचं झाकण खाली पडलं. ते घरंगळत पार नालीपर्यंत गेलं. बरं झालं, मला ते आणायला जाता आलं.

परत आले तर ती आपली बोलतच होती. “आई सांगायची, आजीला उन्हानं चक्कर आली, तिच्यापायी बाया बसल्या. आम्ही लहानपणापासून हेच ऐकलं. पण आई तेव्हा मामाकडं होती. लोकांकडून ऐकलेलं तिनं. तुम्ही तर तिथं होता. तुम्ही खोटं काहून बोलाल?”

मी चहा ओतला.

“आईला फोनवर सांगितलं मी,” ती म्हणाली. “रडली थोडी. मग म्हणाली, असंल तिची काही अडचण, तू तिला वाकडी काढू नको. म्हणून नीट काढून राहिले.”

त्या दिवसापासून मला प्रत्येक गोष्टीत डाव दिसायला लागला. ही पोरगी खरंच भोळी, की मला उकरून काढते आहे? ‘तुम्ही खोटं काहून बोलाल’, हे कोणी सरळ मनानं म्हणतं का? बुद्धभूषण मला बघून मोबाइल खिशात काहून घालतो? आकांक्षा रात्री जेवताना गप्प काहून असते?

“थकले आजी. दिवसभर उन्हात असतो,” ती म्हणायची.

“उन्हाचं मला नको सांगू.”

आणि मग एका सकाळी ओट्यावर झाडू मारताना पाहिलं, चौघंच्या चौघं चंदीच्या घरात शिरली. तिचं घर माझ्यापासून सात दारं सोडून. मी तोच ओटा चार वेळा झाडला. शेजारीण म्हणाली, “पद्मामाय, आज कोणी येणार हाये का?” बऱ्याच वेळानं पोरं बाहेर आली. हसत. हसत होती म्हणजे काय? चंदीनं सांगून टाकलं आणि मला हसली? का सांगितलं नाही म्हणून हसली?

आकांक्षा घरात पाय ठेवायच्या आत मी विचारलं, “काय म्हणाली ती?”

“कोण?”

“सोंग नको करू.”

“काही नाही गं. चहा दिला. कपात माशी पडली म्हणून मंजुषा केवढी किंचाळली! मग फोटो पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत पाहिला. आम्ही विचारलं, ही मागची भागूबाईच ना? तर म्हणाली, कोणी सांगितलं? आम्ही तुझं नाव सांगितलं.”

“मग?”

“मग लई वेळ बोललीच नाही. शेवटी म्हणाली, नीट काढा पोरींनो. बस.”

सत्तावीस वर्षांत चंदीनं माझ्या नावावर दुसऱ्यांदा गप्प राहून दाखवलं. हे उपकार आहेत की गळफास, ते मला झोपेपर्यंत कळलं नाही.

उद्घाटनाला दोन दिवस राहिले होते. मी किटली घेऊन गेले, तर भिंतीसमोर लिंबाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर चंदी बसलेली. पोरांनीच आणून बसवली होती, रंग बराबर आहेत का सांगायला. मला पाहून तिनं मान फिरवली नाही. हेही नवीनच. मी तिच्यापासून दहा पावलांवर उभी राहिले.

भिंत जवळपास झाली होती. चाळीस बाया, पिवळाधमक ढीग, पुढं पालथं टोपलं, हिरवी चिंधी. फक्त कोपऱ्यातल्या बाईचा एक हात राहिला होता. तिथं नुसती खडूची रेघ.

करुणा शिडीवरून ओरडली, “भूषण, हा फोटो उलटा तर नाही ना छापला?”

“नाही. पोत्यावरची अक्षरं सरळ आहेत की.”

“मग आजीच्या डाव्या हातात कांडी कशी? काल आईला विचारलं, तर म्हणाली आजी डावखोरी नव्हती. सगळं उजव्यानं करायची.”

बुद्धभूषणनं माझ्याकडं पाहिलं नाही. इतका वेळ हातांकडं बघणारं पोरगं, आता नेमकं जमिनीकडं बघत होतं. माझ्या डाव्या हातात किटली होती. ती उजव्या हातात घ्यावी असं मला वाटलं. घेतली असती, तर तेही दिसलंच असतं.

आकांक्षा म्हणाली, “एखाद्या वेळेला उचलला असंल डावा.”

“हां,” करुणा म्हणाली. “जाऊ दे, मी उजवा हात काढते. उद्घाटनाला आई येऊन राहिली. तिला तिची आई वाटली पाहिजे.”

तिनं ओल्या फडक्यानं डाव्या हाताची रेघ पुसली.

म्हणजे सुटले मी. एकदा उजवा हात भिंतीवर बसला, की ती बाई कायमची भागू झाली. मी मेले तरी भागूच. चंदी मेली की सांगणारंही कोणी उरणार नाही. इतकं सोपं. फक्त चहा ओतत राहायचं होतं.

मी चंदीकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. यावेळी मी खाली पाहिलं नाही, आणि तिथंच माझं चुकलं, कारण तिच्या मागं तो लिंब होता. तो लिंब काही त्या आवारातला नाही, पण लिंबाची सावली सगळीकडं सारखीच पडते. भागूला तशाच सावलीत आडवी केली होती. तोंडाला फेस आला होता. आणि तिच्या लेकीची लेक शिडीवर उभी राहून माझं पाप तिच्या अंगावर रंगवत होती. तेही प्रेमानं.

आणि अजून एक. लाजायचं काय, तेही सांगते. तो हात माझा होता. वसमतमध्ये तसा हात दुसरा झाला नाही. तो पुसून त्या जागी कोणाचाही उजवा हात काढतात म्हणजे काय?

“ए पोरी,” मी म्हणाले. “उजवा काढू नको.”

“काहून आजी?”

“ती भागू न्हाई.”

करुणा शिडीवर तशीच थांबली.

“भागूलाच चक्कर आली होती. तुझी माय खरं बोलून राहिली. बाया भागूपायीच बसल्या. ही काम करणारी...” मी किटली खाली ठेवली. हात मोकळा केला. “हा हात बघ आन काढ.”

रस्त्यावरून एसटी गेली. तिचा धुराळा उडून बसला.

पहिली बोलली चंदी. सत्तावीस वर्षांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, “आन टोपलं?”

“सांगते की. दम तर घेऊ दे.”

“सत्तावीस वर्सं दमच घेऊन राहिली तू.”

मग टोपल्याचंही सांगितलं. मुकादमाचंही. नवं टोपलं, मुकादमीण व्हायची हाव, सगळं. पोरांना नको होतं तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, “टोपलं माझं, हात हिचा.” आणि चंदीकडं बोट दाखवलं. डाव्या हाताचं.

बुद्धभूषण हळूच म्हणाला, “तुम्ही डावखोऱ्या, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं आजी. फोटो सापडल्यावर लगेच कळलं.”

“मग बोलला काहून न्हाईस मेल्या?”

“आकांक्षाची आजी आहात. तुम्हीच सांगाल म्हणून थांबलो.”

बघा! मी म्हणत होते ना, हे पोरगं हातच बघतं. माझा संशय सोळा आणे खरा होता. फक्त माणूस चांगलं निघालं.

करुणा खाली उतरली. मला वाटलं, आता ही मला बोलणार, आणि मी तयार होते. तिनं फोन काढला, बाजूला गेली आणि “आई” म्हणून जे रडायला लागली, ते मी ऐकत उभी राहिले. तेवढी शिक्षा मला होतीच. मग ती आली आणि नाक पुसून म्हणाली, “माझ्या आजीला लिंबाखाली काढावं लागंल. जागा कुठाय?” तिघं मिळून जागा शोधायला लागली.

राहिली आकांक्षा. नांदेडला तिनं माझ्यावर भाषण केलं होतं, त्याच्या बक्षिसाचा कप टीव्हीवर ठेवलेला होता. घरी आल्यावर तिनं तो कप कपाटात घातला. काचेतलं कात्रण राहू दिलं. मग माझ्याशी कामापुरतं बोलली. मी तिला काही म्हटलं नाही. आमच्या घरातल्या बायांना गप्प राहायची सवय आहे, पण तिचं सत्तावीस वर्षं चालू नये, एवढंच मनात होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“एक सांग,” ती म्हणाली. “फोटोत तुझं तोंड झाकलंय. तसंच ठेवायचं का उघडं काढायचं?”

“तुला काय वाटतं?”

“मला विचारू नको. तू सांग.”

“उघडं काढ,” मी म्हणाले. “झाकून लई झालं.”

“मग सकाळी सातला भिंतीपाशी ये. करुणाला समोर बसून पाहिजे. आन येताना खुंटीवरलं टोपलं आण.”

गेले. करुणानं मला स्टुलावर बसवलं आणि हलू नका म्हणाली. चंदी आलेलीच होती, तिच्या त्याच खुर्चीत. मी टोपलं तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते उलटंपालटं केलं, बुडातून बोट घातलं. बोट आरपार गेलं.

“कुजलं की गं.”

“टांगून टांगून कुजलं. वापरलं असतं तर टिकलं असतं.”

“चिंधी बदलू का?” करुणानं वरून विचारलं. “चंदाआजी, तुमची कोणती होती?”

“माझी तांबडी,” चंदी म्हणाली. “पण हिरवीच राहू दे. टोपलं हिचंच होतं. मला खोट्याचं काही नको. आन ए पोरी, हिचं नाक एवढं सरळ न्हाई, नीट बघून काढ.”

“तू गप बस,” मी म्हणाले.

“हलू नका ना आजी!”

संध्याकाळी उद्घाटनाला गाव लोटलं. करुणाची आई आली, लिंबाखालच्या भागूसमोर लई वेळ उभी राहिली, मग माझ्याकडं आली. ती काय म्हणाली ते मी कोणाला सांगणार नाही. ते माझ्यापाशी राहू द्या. बाकी सगळं भिंतीवर आहे. बसस्टँडवरून येताना डाव्या हाताला, कोणीही बघावं. कोपऱ्यात मी आहे, तोंड उघडं, एकटी उभी, डाव्या हातात कांडी.

नाक मात्र वाकडं आलं आहे. मी तीनदा जाऊन, उन्हात आणि सावलीत, दोन्हीकडून पाहिलं. चंदीनं त्या पोरीला काही तरी खाऊ घातलं असणार.